सातवी गाडी

प्रिय मानलिन,

हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेत धाडते आहे, सासरी थांगांच्या बंगल्यावर नाही. बंगल्यावर गेलं असतं तर ते आधी दिवाणखान्यात उघडलं गेलं असतं आणि मग कधीतरी तुझ्यापर्यंत आलं असतं. आणि फोनवर बोलावं तर तू अलीकडे "हो आई", "बरं आई" याच्यापुढे जात नाहीस, आणि मी बोलायला लागले की रागाने माझा आवाज चढतो, मग तुझे बाबा स्वयंपाकघरातून हाताने खूण करतात, हळू, हळू. त्यांचं म्हणणं असं की राग आला की लिहावं, लिहिता लिहिता माणूस निवतं. मी कालपासून दोनदा लिहून पाहिलं. निवले तर नाहीच, उलट ज्या गोष्टी विसरले होते त्याही आठवल्या. तेव्हा हे पत्र तापलेलंच वाच.

गेल्या आठवड्यात तू फोन केलास आणि म्हणालीस, "आई, ती छोटी गाडी तुम्ही परत घेऊन जा. इथे तळघरात जागा अडते आहे." कुणीतरी शेजारी उभं राहून धडा म्हणून घ्यावा तसा तुझा आवाज होता. मी विचारलं, तू मग शाळेत कशी जातेस? तू म्हणालीस, ड्रायव्हर सोडतो. आणायला? तोच येतो. आणि मध्येच कुठे जायचं झालं तर? तू फोन ठेवलास. मानलिन, तुझी गाडी तुझी राहते की नाही, एवढाच प्रश्न असता तर मी एव्हाना ती आणून विकून टाकली असती. पण आपण लग्नात मुलीला गाडी देतो ती मिरवायला देत नाही. तिला वाटलं तर उठून चालू लागता यावं म्हणून देतो. निदान मी तरी म्हणूनच दिली होती.

लग्नाच्या दिवसाबद्दल आपण दोघी आजवर एक शब्दही बोललेलो नाही. मी मूग गिळून बसले, कारण नव्या घरी तुझा पाय स्थिर होऊ दे म्हटलं. आज बोलते. सकाळी थांगांकडच्या सहा काळ्या गाड्या तुला न्यायला आपल्या गल्लीत आल्या. सहाही भाड्याच्या, सहाही इतक्या लांब की पहिली वळली तेव्हा शेवटची अजून नाक्यावरच्या शेवयांच्या दुकानासमोर होती, आणि तिथल्या रश्शातल्या आंबवलेल्या बांबूच्या कोंबांच्या वासाने वरातीतल्या बायका नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. जणू या लिउचौ शहरात त्या कधी शेवया न खाता वाढल्या. दाराशी आपली गाडी उभी होती. फिक्या हिरव्या रंगाची, तुझ्या बाबांनी तीनदा पुसलेली, टपावर लाल रेशमाचं हे एवढं मोठं फूल. तुझ्या सासूबाई उतरल्या, त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साखर घोळवून म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या सहा आणि तुमची ही एक, सात होतात. सात कसे चालतील?"

आता सात चालत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. माणूस गेल्यावर आपण साताच्या हिशेबाने दिवस मोजतो, लग्नात गाड्या जोडीनेच निघाव्या लागतात, हे काय मला त्यांच्याकडून शिकायचं होतं? मी म्हटलं, "मग तुमची एक काळी काढा."

तुझ्या मावशीला हसू आवरेना, तिने तोंड फिरवलं. नवरदेव देकाई आपल्या नव्या बुटांकडे पाहत राहिला. तो मुलगा वाईट नाही हे मी मानते, पण त्या दिवशी बुटांपेक्षा पाहण्यासारख्या बऱ्याच गोष्टी होत्या. तुझ्या सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, मुहूर्त टळेल म्हणाले, आणि सहा गाड्या निघाल्या. तू चौथीत होतीस की दुसरीत, ते मला आठवत नाही. मागच्या काचेतून तू वळून पाहिलंस, एवढंच आठवतं.

आपली गाडी मग तुझ्या बाबांनी चालवत नेली, दुसऱ्या रस्त्याने, एकटी. हॉटेलाच्या पुढच्या अंगणात तिला येऊ दिलं नाही. ती मागे, भटारखान्यापाशी, कोंबड्यांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी लावायला सांगितली. इथवरही मी गिळलं असतं. पण आत जाऊन बसते तर काय, काचेबाहेर पुढच्या अंगणात आपल्या गाडीवरचं ते लाल फूल कुणीतरी काढून भाड्याच्या एका काळ्या गाडीच्या नाकावर बसवलेलं, आणि समारंभ चालवणारा तो गुळगुळीत मुलगा माइकवर सांगतोय की वधूच्या आईवडिलांनी लेकीला ही आलिशान मोटार भेट दिली आहे, टाळ्या होऊ द्या. टाळ्या झाल्या. मी न दिलेल्या गाडीबद्दल तीन टेबलांवरच्या लोकांनी येऊन माझं अभिनंदन केलं. एक बाई तर म्हणाली, कारखान्यात नोकरी करून एवढं जमवलंत, कमाल आहे हो तुमची. मी तुझ्याकडे पाहिलं. तू चहाचे पेले भरत होतीस, सासूसासऱ्यांना द्यायचे. म्हणून मी उठले नाही. नाहीतर तो माइक माझ्यापासून फार लांब नव्हता.

तू म्हणशील, आई, एवढं काय त्यात, श्रीमंतांच्या घरचे चोचले असतात. असू देत की. पण हे कुठले श्रीमंत, ते तुला कुणी सांगितलंय का? थांगांचा बंगला नदीपलीकडे कशावर उभा आहे? आमच्या कारखान्यात होणाऱ्या याच छोट्या गाडीच्या बंपरवर. पुढचा बंपर, मागचा बंपर, आतली ती फळी ज्यावर घड्याळ आणि बटणं असतात, सगळं प्लास्टिक त्यांच्या साच्यातून निघतं. लाखो लोकांनी ती छोटी गाडी घेतली म्हणून थांगांच्या अंगणात संगमरवरी मासे पाणी ओकतात. आणि लग्नात तीच गाडी भटारखान्यामागे. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली होती. वासे मोजून वर नाक मुरडणारी पहिल्यांदाच पाहिली.

मला तक्रारबाई म्हणायचे हे तुला आठवत असेल, कारण तुझ्या वर्गातली मुलंही तुला चिडवायची, तक्रारबाईची पोर म्हणून. पण मी नेमकं काय करत होते ते तेव्हा तुला कळण्याजोगं नव्हतं. आमचा कारखाना आधी ट्रॅक्टर करायचा, मग माल वाहायच्या छोट्या व्हॅन करायला लागला, आणि मग एक वर्ष असं आलं की साहेब लोक म्हणाले, आता विजेवर चालणारी, तीन मीटरपेक्षाही आखूड, स्कूटरवाल्याला परवडेल अशी गाडी करू. बाहेरच्या मोठ्या शहरांतून तज्ज्ञ आले होते. ते नकाशा पाहून हसले. एकाने विचारलं, हा बुटाचा खोका विकणार कुणाला? त्यांना लांब पल्ला हवा होता, मोठा पडदा हवा होता, झटपट भरणारी बॅटरी हवी होती, आणि हे सगळं घातलं की गाडी परत तिथेच जात होती जिथे बाकीच्या गाड्या होत्या, म्हणजे आपल्या गल्लीच्या आवाक्याबाहेर. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पावसात स्कूटरवर पुढे एक पोर, मागे एक पोर आणि वरून एकच रेनकोट, अशी कसरत त्यांच्या घरात कुणी केली नव्हती.

तेव्हा आमच्या मुख्य साहेबांनी ठरवलं की कागदावर भांडत बसण्यापेक्षा गाड्या लोकांनाच देऊन टाकू. फुकट, काही महिन्यांसाठी. अट एकच, दर आठवड्याला येऊन तक्रार सांगायची. कौतुक नको, तक्रारच. आणि तक्रारी घ्यायला बसवलं मला, कारण आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं की ही बाई समोरच्याचं ऐकून घेते आणि वरच्याला ऐकवते. मग काय, कारखान्याच्या फाटकाशी एक टेबल, एक छत्री, उकळत्या पाण्याचा थर्मास आणि मी. लोक काय काय सांगायचे! पाठीमागच्या सीटवर दप्तर घेऊन मूल बसत नाही. शेवयांची पिशवी अडकवायला आकडा नाही, रस्सा सांडतो. एक बाई म्हणाली, गाडीला आवाजच नाही, बदकं रस्त्यातून हलत नाहीत. तिच्या मागच्या रांगेतली म्हणाली, माझ्या नवऱ्यालाही मी आलेली कळत नाही, परवा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडला, तेव्हा आवाज मुळीच घालू नका. मी हे सगळं तसंच वर नेऊन सांगायची. आणि दप्तराची तक्रार आली तेव्हा मी तुलाच उचलून नेलं होतं, लाकडाचा सांगाडा केला होता गाडीचा, त्यात तुला दप्तरासकट बसवलं. तू फुरंगटून बसली होतीस कारण त्या दिवशी तुझा पोहण्याचा तास बुडला होता. तुझे गुडघे जिथे लागले तिथून ती सीट मागे सरकवली गेली. आज लाखो पोरं त्या जागेत बसून शाळेत जातात.

सगळ्यांत मोठं भांडण प्लगवरून झालं. तज्ज्ञ म्हणत होते, चौकाचौकात चार्ज करायची मोठी यंत्रं उभारा, त्याशिवाय गाडी म्हणवणार नाही. मी म्हणत होते, ज्या प्लगला भाताचा कुकर लागतो त्याच प्लगला गाडी लागली पाहिजे. कारण यंत्रापाशी जायचं म्हणजे पुन्हा कुणाला तरी विचारणं आलं, रांग आली, कार्ड आलं, नवऱ्याच्या नावाचं खातं आलं. कुकरच्या प्लगला कोण विचारतं? हे मी बोलले तेव्हा बैठकीत दोघेतिघे हसले. पण शेवटी झालं तेच. मग आमच्या लोकांनी शहरभर साधे प्लग बसवले, पुलाखाली, बाजारामागे, जिथे मोठी गाडी शिरतही नाही अशा कोपऱ्याकोपऱ्यांत. हे सगळं तुला सांगते ते माझी पाठ थोपटून घ्यायला नाही. माझी पाठ थोपटायला कुणी आलंही नव्हतं, आणि बक्षिसाच्या फोटोत त्या हसणाऱ्यांपैकीच दोघे पुढे उभे आहेत. सांगते एवढ्यासाठी की ही गाडी गरिबाघरची नाइलाजाची चीज नाही. भांडून भांडून केलेली वस्तू आहे.

आता थडगी झाडायच्या दिवसाचं. तिसऱ्या महिन्यातल्या तिसऱ्या तिथीला तू आजीच्या थडग्यावर आलीस, टॅक्सीने. मी आणि तुझे बाबा डोंगराच्या पायथ्याशी सणाच्या पाचरंगी भाताचा डबा घेऊन तुझी वाट पाहत होतो. मी विचारलं, गाडी कुठे? तू म्हणालीस, बॅटरी उतरली आहे. मी म्हटलं, तळघरात प्लग नाही का? तू म्हणालीस, आहे. मग तू गवत उपटायला बसलीस आणि तेवढ्यात तुझा फोन तीन वेळा वाजला. तिसऱ्या वेळी तू उठून बाजूला गेलीस आणि परत आल्यावर म्हणालीस, "आई, मला निघायला हवं, मी दुपारपर्यंतचंच विचारून आले आहे." विचारून. आजीच्या थडग्यावर यायला. एका वर्गाची शिक्षिका, जिच्या शब्दाशिवाय चाळीस पोरं पाणी प्यायला उठत नाहीत, ती विचारून आली. तुझ्या बाबांनी भाताचा डबा तुझ्या हातात दिला आणि मी थडग्याचा दगड पुसत राहिले. पुसायचं काही उरलं नव्हतं, पण मला मान वर करायची नव्हती.

तेव्हा तुझा तो फोन आल्यावर, "घेऊन जा" म्हणणारा, मी दुसऱ्याच दिवशी बस पकडून थांगांच्या बंगल्यावर गेले. तू शाळेत होतीस. तुला कुणी सांगितलं नसणार. मोलकरणीने मला आधी तळघरात नेलं, कारण तिला वाटलं मी गाडी न्यायलाच आले आहे. आपली गाडी कोपऱ्यात, अंगावर धुळकट चादर, आणि आत मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, पार काचेपर्यंत दारूच्या बाटल्यांची खोकी. पाहुण्यांना भेट द्यायची उंची दारू. प्लग होता. गाडीपासून दोन हातांवर, भिंतीत. कुणी लावला नव्हता, इतकंच. किल्ली कुठे विचारलं, तर मोलकरीण म्हणाली, बाईसाहेबांकडेच असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी तशीच वर आले.

तुझ्या सासूबाई चहा करत होत्या, ते एवढुसे एवढुसे पेले मांडून. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं विहीणबाई, आलात. जागा फार अडते हो. शिवाय पाहुणे विचारतात, ही कुणाची."

"मग काय सांगता?" मी विचारलं.

"कामवालीची म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. अगदी सहज, पेला पुढे सरकवत.

मानलिन, मी चहा घेतला नाही. आणि मी तेव्हा जे बोलले ते लग्नापासून माझ्या घशात अडकलेलं होतं. तुलाही हे ठाऊक नाही. लग्न जमताना ते उकरून काढायचं नाही असं मी आणि तुझ्या बाबांनी ठरवलं होतं, कारण समोरून ओळख दाखवली जात नसताना आपण दाखवणं बरं दिसत नाही. तुझ्या सासूबाईंना मी लग्नात पहिल्यांदा भेटले नव्हते. फुकट वापरायला ज्या गाड्या दिल्या, त्यांतल्या पहिल्या काही सुटे भाग करणाऱ्यांच्या घरी गेल्या. थांगांचा तेव्हा बंगला नव्हता. साखरेच्या गोदामामागे पत्र्याची शेड होती, दोन यंत्रं, आणि घर त्याच शेडच्या माळ्यावर. गाडी मिळाली थांगांना, पण चालवायची ती गुइलान, म्हणजे तुझ्या सासूबाई. दर आठवड्याला माझ्या टेबलापाशी यायची, हाताला प्लास्टिकचे चटके, आणि म्हणायची, "ताई, माझी काही तक्रार नाही." मी तिला सांगायची, अगं असं चालत नाही, काहीतरी सांगावंच लागतं. ती लाजून हसायची आणि निघून जायची. शेवटच्या दिवशी गाडी परत करायला आली तेव्हा मी म्हटलं, आज तरी सांग. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "लिहा ताई. तुम्ही गाडी परत घेता, ही माझी तक्रार आहे." आणि मग उभ्या उभ्या रडायला लागली. लग्न झाल्यापासून ती माहेरी फक्त सणाला जायची, सासू पाठवील तेव्हा, दीर स्कूटरवर सोडील तेव्हा. नदीच्या वरच्या अंगाला, पपनसाच्या बागांमध्ये तिचं गाव. त्या महिन्यांत ती आपली आपण, कुणाला न विचारता, आईकडे जाऊन आली होती. दुपारी जायची, आईच्या केसांना तेल लावायची, संध्याकाळच्या आत परत.

हे मी त्या बैठकीत सांगितलं होतं, नाव न घेता. तज्ज्ञांनी तेव्हा किंमत वाढवायचा नवा बेत आणला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, एका बाईची एकच तक्रार आहे, गाडी परत घेऊ नका, आणि तुम्ही किंमत वाढवलीत की ती परत घेतल्यासारखीच आहे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तर ते सगळं मी त्या संगमरवरी दिवाणखान्यात तुझ्या सासूबाईंना ऐकवलं. म्हटलं, "गुइलान, तू मला ओळखतेस. मीही तुला ओळखते. ती गाडी कामवालीची नाही. ती तुझी होती." मोलकरीण दारात घुटमळत होती, तिला त्यांनी पाणी उकळायला पाठवलं. मग म्हणाल्या, "माझी आई गेली आता." मला वाटलं, एवढंच म्हणतील. पण पुढे म्हणाल्या, अगदी दुसऱ्या कुणाचं सांगावं तशा, की आता गाडी आहे, ड्रायव्हर आहे, पण कुठे जायचं ते ड्रायव्हरला सांगावं लागतं आणि तो तुझ्या सासऱ्यांना सांगतो. म्हणून आताशा त्या कुठे जात नाहीत. मला कीव आली असं तुला वाटेल. नाही आली, किंवा आली असेल तर ती रागाच्या पाठीमागे कुठेतरी उभी राहिली. मी विचारलं, "मग हे ठाऊक असून तू माझ्या पोरीची किल्ली का ठेवून घेतलीस?"

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सुनेच्या वस्तू सासूकडे असतात. माझ्याही माझ्या सासूबाईंकडे होत्या."

बास, एवढंच कारण. मानलिन, मी त्या घराबद्दल केवढं केवढं मनात आणलं होतं, लोभ, कावा, काळी करणी. आणि निघालं काय, तर चालत आलंय म्हणून चाललंय. याचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. ज्या बाईने स्वतः ते भोगलं, गाडीची किल्ली परत देताना माझ्यासमोर रडली, तिने तीच किल्ली सुनेच्या हातून काढून घ्यावी आणि त्यात तिला काही वावगं दिसू नये, हिच्याशी भांडायचं तरी कसं? मी उठले. म्हटलं, खोकी काढा, मी गाडी नेते. त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं आता सासऱ्यांना फोन लावतील. पण त्या किल्ली घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "मानलिनला सांगू नका मी दिली म्हणून. घरात कळलं तर बोलणं होईल."

दारूची खोकी मी एकेक करून उचलली आणि जिन्यापाशी रचली. मोलकरीण मदतीला आली, मी नको म्हटलं. मग भिंतीतल्या प्लगला गाडी लावली आणि तिच्या अंगात थोडा जीव येईपर्यंत तिथेच एका खोक्यावर बसून राहिले. मध्येच वरून एक स्टूल आणि चहाचा पेला खाली आला. कुणी पाठवला ते सांगायला नको. तो चहा मात्र मी प्यायले. मग नदीकाठच्या रस्त्याने घरी आले. कांचनाची झाडं सगळी फुललीत, गाडीच्या टपावर फुलं पडत होती, आणि मी एकटीच मोठमोठ्याने थांगांना शिव्या देत गाडी चालवत होते. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. थांगांना वाटतंय की गाडी माहेरी परत गेली. तसं वाटू दे. या पाकिटात किल्ली आहे. गाडी लावून हे पाकीट मी शिपायाकडे देऊन जाईन, तुझ्या हातात पडेल तेव्हा ती तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेर, कुंपणाच्या कडेला उभी असेल, पूर्ण चार्ज केलेली, तुझ्याच नावाची. किल्ली तुझ्या सासूबाईंनी दिली हे मी तुला सांगू नये असं त्यांचं म्हणणं होतं, पण मी आयुष्यभर लोकांचं म्हणणं पोचवायचीच नोकरी केली, आता त्यांच्यासाठी ती सोडणार नाही. त्यांना मी माफ केलेलं नाही. तू करायचं की नाही ते तू बघ. थांगांचं घर सोड असं मी म्हणत नाही, सोडू नकोस असंही म्हणत नाही. देकाईशी बोलायचं असेल तर त्याला शेजारी बसव आणि बोल, त्या गाडीत दोघं बसली की बुटांकडे बघायला जागा उरत नाही. शाळा सुटल्यावर बंगल्यावर गेलीस तर गाडी तळघरात नेऊ नकोस, पुढच्या दारासमोर लाव. इकडे आलीस तर जेवण तयार असेल. किंवा दोन्हीकडे जाऊ नकोस, नदीच्या वरच्या अंगाला जा, पपनसं फुलली असतील, बागेत पाय पसरून बस. मला काही सांगायला नको. फक्त मानलिन, उद्यापासून कुठे जाऊ असं कुणाला विचारू नकोस. मलाही विचारू नकोस.

तुझीच,
अजून रागावलेली आई